स्टार्च, सेल्युलोज, प्रोटीन: पाठ करायच्या आधी पाण्याचा हिशेब बघा

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी बारावी सायन्सला आहे, केमिस्ट्रीतला बायोमॉलिक्युल्सचा धडा परत परत पाठ करते आणि आठवड्यात विसरते, ग्लुकोजपासूनच स्टार्च आणि ग्लुकोजपासूनच सेल्युलोज, मग एक पचतं आणि दुसरं का पचत नाही हे तिला कुठंच नीट सापडत नाही, आणि शेवटी घरातला प्रश्न, सासऱ्यांची शुगर वाढलीय तर साखरेऐवजी गूळ चालेल का. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून बरीच वर्षं काढलीत, आता संध्याकाळी अकरावी-बारावीच्या पोरांना शिकवतो. दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे म्हणून एकातच लिहितो, जरा लांबेल.

तो धडा नावांची यादी म्हणून वाचला तर कुणाच्याच लक्षात राहणार नाही. पण त्यात सगळीकडे एकच गोष्ट चाललीय. दोन छोटे रेणू जवळ येतात, एकाचा ओएच जातो, दुसऱ्याचा एच जातो, दोन्ही मिळून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि ते दोघं जोडले जातात. तोडायचं असेल तर तेच पाणी परत आत घालायचं. साखर, स्टार्च, तेल, प्रोटीन, डीएनए, सगळीकडे हाच व्यवहार. पाण्याचं वजन १८, तेव्हा पोरीला म्हणावं प्रत्येक जोडणीला १८ वजा, प्रत्येक तोडणीला १८ अधिक, एवढं पहिलं धर. पेशीत हे आपोआप होत नाही बरं का, जोडायला एटीपी (पेशीचं इंधन म्हणा) खर्च करून आधी रेणू तयार करून घ्यावे लागतात, पण शेवटचा हिशेब जुळतो तो पाण्याचाच.

कार्बनचं थोडक्यात सांगतो कारण ते तिला येत असणार. कार्बन चार हात करतो, चारही एकमेकांपासून साधारण १०९.५ अंशांवर, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कार्बनला पक्कं धरून लांब साखळी करू शकतो. आधी लोकांना वाटायचं की सजीवांतली रसायनं फक्त सजीवच करू शकतात, मग १८२८ साली वोलरनं अमोनियम सायनेटपासून युरिया केला आणि त्या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. तोच युरिया आज आपण उसाला टाकतो. त्याचा मॉलिक्युलर मास ६०, त्यात नायट्रोजनचे दोन अणू म्हणजे २८, भागाकार करून बघा ४६.७ टक्के येतात, आणि पोत्यावर ४६ टक्के नत्र छापलेलं असतं. पुस्तकातली गणितं अशी घरातल्या पोत्यावर करायला लावा, भीती निघून जाते.

आता साखर. हिच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण मला ती जवळून माहितीय आणि कारण हिच्यात अख्खा धडा बसतो.

ग्लुकोज १८०, फ्रुक्टोज १८०, दोन्हीत ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. जोडले की ३६० वजा १८, म्हणजे ३४२, ही आपली साखर, सुक्रोज. आता उलटं करा, ३४२ ग्रॅम साखर पाणी घालून पूर्ण तोडली की ३६० ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोज मिळतात, म्हणजे ९५ ग्रॅमचे १००. साखर कारखान्याच्या लॅबमधला कुठलाही माणूस ०.९५ हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. रसाचा नमुना ॲसिडनं तोडून एकूण रिड्युसिंग शुगर (फेलिंग म्हणजे तांब्याच्या निळ्या द्रावणाशी रिॲक्शन करणारी साखर) काढायची, त्यातून आधीपासूनच सुटी असलेली शुगर वजा करायची, राहिलेल्याला ०.९५ नं गुणायचं, आली सुक्रोज. तो आकडा दुसरा काही नाही, पाण्याचा एक रेणूच आहे.

मग परीक्षेतला हमखास प्रश्न, सुक्रोज नॉन-रिड्युसिंग का? ग्लुकोजचा एक नंबरचा कार्बन आणि फ्रुक्टोजचा दोन नंबरचा कार्बन, हेच ते दोन कार्बन ज्यांच्यामुळं रिंग उघडून फेलिंगशी रिॲक्शन होते, आणि जोडणीत नेमके हेच दोन्ही गुंतलेत. मोकळं टोक राहिलंच नाही. म्हणून स्वच्छ साखरेच्या पाण्यात फेलिंग घालून उकळलं तरी निळं ते निळंच राहतं, आणि तीच साखर दोन थेंब हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गरम करून, ॲसिड मारून मग टेस्ट लावली की विटेसारखा लाल साका खाली बसतो. हे कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना सांगून स्वतःच्या हातानं करायला लावा, एकदा बघितलं की जन्मात विसरत नाही. लॅक्टोज आणि माल्टोजमध्ये एक टोक मोकळं राहतं म्हणून ते रिड्युसिंग. बस, तिन्हींचं उत्तर एका वाक्यात निघतं.

हीच तोडणी आपल्याकडे शेतकऱ्याच्या खिशाला लागते. ऊस तोडला की तो मेला असं नसतं, आतली इन्व्हर्टेज नावाची एन्झाइम काम करत राहतात, टोकांवर जंतू बसतात, रस आंबट होत जातो, आणि सुक्रोज तुटायला लागते. ट्रॉल्या दोन-तीन दिवस यार्डात उभ्या राहिल्या की वजन तर घटतंच, पण पोलॅरीमीटरच्या (द्रावण प्रकाश किती फिरवतं ते मोजणाऱ्या यंत्राच्या) नळीत रस घातला की पोलचं रीडिंगही खाली आलेलं दिसतं. सुक्रोज प्रकाश उजवीकडे फिरवते, स्पेसिफिक रोटेशन अधिक ६६.५, तुटल्यावर ग्लुकोज अधिक ५२.७ पण फ्रुक्टोज उणे ९२ च्या आसपास, त्यामुळं दोन्हींचं मिश्रण डावीकडे जातं, साधारण उणे २०. म्हणजे रेणू तुटला हे डोळ्यांना दिसत नाही पण नळीतून येणारा प्रकाश सांगतो. आणि एकदा तुटलेली साखर कारखान्याच्या पॅनमध्ये परत जुळत नाही, तिचा दाणा धरत नाही, ती मोलॅसिसमध्ये (दाणा काढून उरलेल्या काळ्या पाकात) जाते.

गुऱ्हाळात जाऊन उभं राहिलात तर हेच सगळं उघड्यावर बघायला मिळतं. काहिलीत रस चढला की चुन्याची निवळी घालतात, भेंडीचं चिकट पाणी घालतात, मळी वर येते ती काढत राहतात. चुना कशाला? रस मुळातच आंबट असतो, पीएच पाचच्या थोडा वर, आणि आंबट रस तासन् तास उकळला की साखर तुटणारच, म्हणून आंबटपणा मारायचा. पण चुना जास्त झाला तर सुटे ग्लुकोज-फ्रुक्टोज अल्कलीत बिघडतात आणि गूळ काळा पडतो. गुळव्याला पीएचचा आकडा माहीत नसेल, पण हात अचूक असतो, ११८ अंशांच्या आसपास पाक आला की पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो आणि काहिल उतरवायला सांगतो. शिळ्या उसाचा रस असला तर त्याला आधीच कळतं, रवा बसत नाही, गूळ चिकट राहतो, कारण तुटलेला फ्रुक्टोज दाणा धरू देत नाही आणि हवेतली ओल खेचतो. आपल्याकडच्या जुलैच्या पावसात डब्यातल्या गुळाला पाणी सुटतं त्यात मोठा वाटा याच तुटलेल्या साखरेचा. रंगाचं म्हणाल तर नुसती साखर करपून तो येत नाही, रसात थोडी अमिनो ॲसिडं असतात, त्यांची सुट्या साखरेशी मेयार रिॲक्शन होते, भाकरी खरपूस भाजताना होते तीच.

आता तिचा मुख्य प्रश्न. त्याच उसाचं चिपाड घ्या. रस काढून घेतलेलं चिपाड गोड लागत नाही, पण त्यात जवळजवळ चाळीस टक्के किंवा जास्तच सेल्युलोज आहे आणि सेल्युलोज म्हणजे निव्वळ ग्लुकोजची साखळी. म्हणजे उसानं ग्लुकोज दोन पद्धतीनं वापरलं, एक फ्रुक्टोजला जोडून रसात साठवलं आणि दुसरं एकमेकांना जोडून कांडं उभं ठेवायला लावलं.

ग्लुकोजच्या रिंगमध्ये एक नंबरच्या कार्बनवरचा ओएच खाली असला की अल्फा, वर असला की बीटा. एवढाच फरक, आणि पोरं इथंच कंटाळून पान उलटतात. पण हा फरक पुढं कुठं जातो बघा. अल्फा १-४ जोडणीत प्रत्येक रिंग आधीच्या रिंगला थोडी वाकून बसते, त्यामुळं साखळी गोल फिरत जाते, साधारण सहा ग्लुकोजला एक वेढा. तो झाला अमायलोज, स्टार्चचा एक भाग. वेढ्याच्या आत पोकळी असते आणि त्या पोकळीत आयोडीन जाऊन बसतं म्हणून निळाकाळा रंग येतो. घरी करून बघा, भाताची पातळ पेज गार करा, मेडिकलमधल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका, निळी होईल. मग ती वाटी गरम पाण्यात ठेवून चांगली तापवा, रंग उडतो. गार केली की परत येतो. तापल्यावर वेढा सैल होऊन आयोडीन बाहेर पडतं, गार झाल्यावर परत आत बसतं. (झाल्यावर ती पेज ओतून द्यायची, कुणाला प्यायला द्यायची नाही.) स्टार्चचा दुसरा भाग अमायलोपेक्टिन, त्याला दर २४ ते ३० ग्लुकोजनंतर अल्फा १-६ ची फांदी असते, आणि आपल्या लिव्हरमधल्या ग्लायकोजेनला तीच फांदी ८ ते १२ नंतर, म्हणजे टोकं जास्त, म्हणजे गरज पडली की एकाच वेळी भराभर तोडता येतं.

बीटा १-४ मध्ये मात्र प्रत्येक पुढची रिंग उलटी होऊन बसते, उताणी-पालथी उताणी-पालथी, त्यामुळं वाकायचा प्रश्नच नाही, साखळी सरळ जाते. सरळ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात आणि मधे हजारो हायड्रोजन बाँड लागतात, पाणी आत शिरायला जागाच मिळत नाही. म्हणून कापूस पाण्यात विरघळत नाही, चिपाड विरघळत नाही. आपल्या लाळेतलं अमायलेज एन्झाइम अल्फा बंधाला बसेल अशाच आकाराचं असतं, बीटापुढं ते काहीच करू शकत नाही. भाकरी बराच वेळ चावली की गोडसर लागते ती अमायलेजनं माल्टोज सोडल्यामुळं, तेवढाच वेळ चिपाड चावत बसलात तर काही होणार नाही.

मग म्हैस उसाचं वाडं खाऊन दूध कशी देते? म्हशीकडेही बीटा बंध तोडणारं एन्झाइम नाही, तिच्या रुमेनमधल्या (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या) जंतूंकडे आहे. ते बीटा बंध तोडतात, ग्लुकोज स्वतः आंबवतात आणि ॲसिटिक, प्रोपियोनिक, ब्युटिरिक अशी छोटी ॲसिडं सोडतात, ती म्हशीच्या रक्तात जातात. प्रोपियोनिकपासून लिव्हर परत ग्लुकोज करतं, ॲसिटिकमधला बराचसा कार्बन दुधाच्या फॅटमध्ये जातो. कोल्हापूरच्या गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेतलात तर त्यातल्या सायीत चाऱ्यातल्या सेल्युलोजचा कार्बन असतो, हे मला इतक्या वर्षांनीही फार भारी वाटतं.

फॅटचं लवकर संपवतो. ग्लिसरॉलला तीन ओएच, त्याला तीन फॅटी ॲसिड, तीन पाणी बाहेर, तीन एस्टर बंध. ही लांब साखळी नाही, म्हणून लिपिड पॉलिमर नाहीत, हा एक मार्काचा प्रश्न पोरं घालवतात. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: स्टिअरिक ॲसिड आणि ओलिक ॲसिड, दोन्हीत १८ कार्बन, ओलिकमध्ये दोन हायड्रोजन कमी म्हणजे एक डबल बाँड, सिस (त्याच्यावरचे दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला). तेवढ्यानं साखळीला बाक येतो, शेजारच्या साखळीला नीट खेटता येत नाही, आणि वितळायचा बिंदू ६९ अंशांवरून १३ वर येतो. शेंगतेलात ओलिक आणि लिनोलिक भरपूर म्हणून ते थंडीतही पातळ, तूप गोठतं. आणि मिसळीच्या कटाचा तिखटपणा पाणी पिऊन का जात नाही, तर मिरचीतलं कॅप्सायसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळपास नाही, म्हणून दही खावं.

प्रोटीनला परत थोडं थांबू. २० प्रकारची अमिनो ॲसिडं, एकाचा सीओओएच आणि दुसऱ्याचा एनएच२, पाणी बाहेर, पेप्टाइड बंध. इथपर्यंत सगळ्यांना येतं. गडबड होते ती डिनेचुरेशन (घडी मोडणं) आणि हायड्रोलिसिस (पाणी घालून बंध तोडणं) यात. अंडं उकडलं तर काय तुटलं? पेप्टाइड बंध नाही तुटला. साखळी तशीच आहे, तिची घडी मोडली, कारण घडी हायड्रोजन बाँडसारख्या कमजोर बंधांवर उभी असते. पेप्टाइड बंध तुटतो पोटात, पेप्सिन-ट्रिप्सिन या एन्झाइमनं, पाणी घालून. प्रायमरी स्ट्रक्चर टिकतं, सेकंडरी-टर्शरी जातं, हे वाक्य पाठ न करता अंडं डोळ्यासमोर आणलं तरी लिहिता येतं.

कोल्हापुरी चप्पल हे याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. चामडं म्हणजे कोलॅजेन नावाचं प्रोटीन. त्याची रचना १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली, तीन साखळ्या दोराच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या, आणि प्रत्येक तिसरी जागा ग्लायसिनची. का ग्लायसिनच? कारण पेडांच्या आतल्या बाजूला जागाच नसते, तिथं फक्त एक हायड्रोजन मावतो आणि साइड चेन म्हणून नुसता हायड्रोजन असलेलं अमिनो ॲसिड एकच, ग्लायसिन. हे काम आपल्या देशात झालंय, पोरांना आवर्जून सांगावं असं आहे, पण बऱ्याच क्लासमध्ये डीएनएची रचना मांडणाऱ्या वाटसन-क्रिकच्या पुढं कुणी जात नाही.

कच्चं कातडं ओलं ठेवलं की सडतं, म्हणजे जंतूंची एन्झाइम पेप्टाइड बंधात पाणी घालून ते तोडतात. चामडं कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, दोन्हीत टॅनिन. टॅनिनच्या एकेका रेणूला भरपूर फिनॉलचे ओएच, ते कोलॅजेनच्या साखळ्यांना ठिकठिकाणी हायड्रोजन बाँडनं धरून ठेवतात, मधलं पाणी बाहेर ढकललं जातं, जंतूंच्या एन्झाइमला बंधापर्यंत पोचणं अवघड होतं. म्हणून चप्पल वर्षानुवर्षं टिकते. आणि तेच कोलॅजेन मटणाच्या हाडांतून पांढऱ्या रश्श्यात उतरतं, तासभर उकळून पेड सुटतात, जिलेटिन होतं, उरलेला स्टॉक फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी थरथरीत गोठलेला दिसतो. कोलॅजेन एकच, एकीकडे पेड आणखी घट्ट बांधले, दुसरीकडे सोडवले.

डीएनएबद्दल थोडंच. शुगर, फॉस्फेट, बेस, जोडणी फॉस्फोडायएस्टर. बेसच्या जोड्यांत ए-टी मध्ये दोन हायड्रोजन बाँड, जी-सी मध्ये तीन. आरएनएच्या शुगरमध्ये दोन नंबरच्या कार्बनवर ओएच असतो, डीएनएत तिथं नुसता एच, आणि तो ओएच शेजारच्याच फॉस्फेट बंधावर हल्ला करू शकतो म्हणून आरएनए लवकर तुटतं आणि डीएनए टिकतं. वारसा साठवायला डीएनए का, याचं केमिस्ट्रीतलं उत्तर हे. बाकी तक्ता पुस्तकात आहे तेवढा पुरे, त्याच्यावर रात्री जागवू नका.

अभ्यासाचं म्हणाल तर नोट्स बाजूला ठेवायच्या आणि कोऱ्या कागदावर ग्लुकोजची रिंग काढायची, नंबर घालायचे, मग अल्फा १-४ नं दोन जोडायच्या, बीटा १-४ नं दोन जोडायच्या, दरवेळी बाहेर गेलेलं पाणी बाजूला लिहायचं. मग सुक्रोज, मग दोन अमिनो ॲसिडं, मग ग्लिसरॉल. बंध कुठं आहे तिथं लाल पेन. आकृती हातात बसली की व्याख्या आपोआप सुचतात, आणि बोर्डाला आकृतीचे मार्क वेगळे असतात. गाईडमधून आकृत्यांचे फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवायची सवय असेल तर ती मोडा, फोटो काढला म्हणजे आलं असं पोरांना वाटतं.

राहिला सासऱ्यांचा गूळ. नाही चालत. गुळात बहुतांश सुक्रोजच असते आणि उरलेल्यातही ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडं पाणी, थोडे क्षार. आतड्यातलं सुक्रेज एन्झाइम ती साखर साखरेसारखीच तोडतं आणि ग्लुकोज रक्तात जातं, ते गुळातून आलं की पिशवीतल्या साखरेतून हे शरीराला कळत नाही. गुळात लोह असतं हे खरं, पण शुगर असलेल्या माणसानं लोहासाठी गूळ खाणं परवडणारं नाही, पालेभाजी-कडधान्यातून घ्यावं. काकवीही तशीच. भात-भाकरी म्हणजेही शेवटी ग्लुकोजच, फक्त सोबत चोथा असला की हळू सुटतं, तेव्हा किती खायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि एक गोष्ट त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर बघून घ्या, त्यात व्होग्लिबोस किंवा अकार्बोस असेल तर ती गोळी आतड्यात हेच साखर तोडणारं एन्झाइम अडवते. अशा माणसाची शुगर कधी अचानक खाली गेली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर साखर किंवा गूळ दिल्यानं लवकर फरक पडत नाही, कारण ती लवकर तुटत नाही. तिथं शुद्धीत असताना पाण्यातून ग्लुकोज पावडरच द्यायची, ती तोडावी लागत नाही, सरळ रक्तात जाते. एक पाकीट घरात आणून ठेवा आणि कुठं ठेवलंय ते सगळ्यांना सांगून ठेवा.